या आठवड्याचा पाठ : रीत वेगळी, मूल्य वेगळं



गेल्या गुरुवारी सत्संग संपल्यावर एक ताई चपला घालता घालता म्हणाल्या, "लेकीनं स्वतःच मुलगा पसंत केलाय. मुलगा चांगला आहे हो, पण ते माळवी, आपण मराठी. आपल्याकडे महालक्ष्म्या बसतात, त्यांना त्यातलं काही ठाऊक नाही. घराचे संस्कारच जुळत नाहीत, तर होकार द्यायचा कसा?"

हा प्रश्न एकट्या ताईंचा नाही. इंदूर असो, बडोदा असो की बेळगाव, आपल्या मुलांच्या मैत्रीत चार भाषांची घरं असतात. प्रेम त्यातूनच जुळतं. म्हणून आजचा अभ्यास याच विषयावर.

*आधी आमची चूक*

काही वर्षांपूर्वी आपल्या मंडळातल्या आम्ही काही जणांनी पुढाकार घेऊन एक लग्न जुळवलं. कुलदैवत एक, पोथी एक, नैवेद्याचं ताटसुद्धा सारखं. आम्ही खूश होतो. वर्षभरात कळलं की एका घरात पैशाचं सगळं उघड बोललं जायचं आणि दुसऱ्या घरात कर्ज लपवायची सवय होती. मुलगी रडत माहेरी आली. रीत तंतोतंत जुळली होती, मूल्य जुळलं नव्हतं. आम्ही देवघर पाहिलं, घर पाहिलंच नाही.

*रीत आणि मूल्य*

सणाला पुरण की श्रीखंड, कुंकू कसं लावायचं, आरती कोणती म्हणायची, ही रीत. ती शिकता येते, वाटून घेता येते. खरं बोलणं, कामाला येणाऱ्या माणसाशी वागणं, राग आला तरी जिभेला लगाम, आजाऱ्याची सेवा, ही मूल्यं. ती लहानपणापासून घरात बघून अंगात मुरतात. संसाराचा भार यांच्यावर असतो.

*एक उदाहरण*

बाबा आमटे यांनी साधनाताईंना, तेव्हाच्या इंदू घुले यांना, एका लग्नघरात पाहिलं. सगळे समारंभात दंग होते आणि ही मुलगी बाजूला होऊन म्हाताऱ्या मोलकरणीला कपडे धुवायला मदत करत होती. बाबांच्या मनानं तिथंच कौल दिला. 1946 साली त्यांचं लग्न झालं. ताई कर्मठ घरातल्या आणि देवावर श्रद्धा असलेल्या, बाबा पूजाअर्चेत रमणारे नव्हते. हा फरक शेवटपर्यंत राहिला. पण दुसऱ्याचं दुःख आपलं मानायचं, हे दोघांचं एकच होतं. म्हणून वरोऱ्याजवळच्या माळरानावर, कुष्ठरुग्णांसोबत, आनंदवन उभं राहिलं.

पुढच्या पिढीतही तेच दिसतं. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी यांची ओळख नागपूरला वैद्यकीय शिक्षण घेताना झाली. आपल्याला जंगलात आदिवासींमध्ये काम करायचंय, हे प्रकाशभाऊंनी लग्नाआधीच स्पष्ट सांगितलं होतं. मंदाताईंनी ते समजून होकार दिला. 1973 मध्ये हेमलकशाचं काम सुरू झालं तेव्हा तिथं वीज नव्हती, राहायला झोपडी. 2008 मध्ये दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याला घ्यायचं ते एवढंच, की जे पुढे जगायचंय ते त्यांनी आधी बोलून घेतलं.

*एक सावधगिरी*

"आमच्या घरात असं चालत नाही" हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. म्हणताना थांबून बघूया, हे मूल्य आहे की आपली सोय? बदलायचं फक्त सुनेनं आणि बाकीच्यांनी होते तसेच राहायचं, असं असेल तर त्याला सामायिक मूल्य म्हणता येत नाही. ती हुकूमत झाली.

*मुलांनी एकमेकांना विचारायचे चार प्रश्न*

1. तुमच्या घरी पैशाचं बोलणं सर्वांसमोर होतं का?
2. भांडण झालं तर अबोला किती दिवस चालतो? आधी कोण बोलतं?
3. दोघांच्याही आईवडिलांचं म्हातारपण आपण कसं सांभाळणार?
4. माझं काम, माझं शिक्षण पुढे चालू राहील ना?

उत्तरं गोड आहेत का, हे बघू नका. खरी आहेत का, ते बघा. आणि नुसतं विचारून थांबू नका. सणाच्या दिवशी सगळेच छान वागतात. एखाद्या साध्या मंगळवारी, न सांगता, त्या घरी चहाला जा.

ताईंना आम्ही हेच सांगितलं. महालक्ष्म्या कशा बसवायच्या ते माळवी घरालाही शिकवता येईल. त्या घरात लेकीला मान मिळेल का, तिचं ऐकलं जाईल का, हे मात्र आत्ताच बघायला हवं. ताई येत्या मंगळवारी जाणार आहेत.

*या आठवड्याचा अभ्यास :* आपल्या घरातली एक रीत आणि एक मूल्य कागदावर लिहा. मग मुलांना विचारा, "आमच्याकडे बघून तुम्ही नेमकं काय शिकलात?" उत्तर शांतपणे ऐका, मध्ये बोलू नका. गुरुवारी भेटूच.