खाऱ्या पाण्यातली परसबाग

प्रश्न : गणपतीपुळ्याजवळ ओहोटीच्या वेळी खडकातलं एक डबकं पाहिलं. आत हिरव्या-तांबड्या शेवाळाची अशी बाग फुलली होती की मुलगी तिथून हलेचना. तशी टाकी पुण्यात घरी करता येईल का? पाण्यात खडामीठ विरघळवलं तर चालेल का? आणि या रोपांना माती कुठली घालायची?
– एक वाचक, पुणे

उत्तर : टाकी करता येते. खडामीठ चालत नाही. माती लागतच नाही.

मिठाचं आधी सांगतो, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न तोच आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतले सुमारे ८५ टक्के म्हणजे सोडियम आणि क्लोराइड, आपलं रोजचं मीठ. उरलेल्या पंधरा टक्क्यांत मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बाकीची किरकोळ मंडळी. आता मिठागरात काय होतं ते बघा. पाणी आटू लागलं की आधी चुना आणि जिप्सम तळाशी बसतात. त्यानंतर मीठ जमतं. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम मागे उरलेल्या कडवट पाण्यात राहतात आणि ते पाणी सोडून दिलं जातं. म्हणजे खडामीठ समुद्रातूनच आलेलं असलं, तरी समुद्राचा बराच ऐवज त्यात उरलेला नसतो. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो, एवढं आठवलं तरी शेवाळाची अडचण लक्षात येईल. तेव्हा मत्स्यालयाच्या दुकानातून ‘मरीन सॉल्ट’ म्हणून मिळतं तेच घ्या. साठ लिटरच्या टाकीला सव्वादोन किलोच्या आसपास लागेल. आरओच्या पाण्यात विरघळवून हायड्रोमीटरवर पाण्याची सापेक्ष घनता १.०२५ येईपर्यंत घालत जा. पाणी थेट समुद्रावरून आणणारेही आहेत. आणायचंच असेल तर पावसाळा संपून पाणी निवळल्यावर आणि खाडीच्या मुखापासून लांब भरा.

इथेच नवशिक्यांची एक हमखास चूक सांगून टाकतो. पाणी उडतं, मीठ उडत नाही. पातळी खाली गेली की लोक पुन्हा खारं पाणी ओततात आणि महिन्याभरात टाकीचं लोणचं होतं. काचेवर पेनाने रेघ मारा आणि घट नेहमी गोड्या पाण्याने भरून काढा. एप्रिल-मेमध्ये पाण्यावर छोटा पंखा सोडलात तर तापमान दोन-तीन अंश उतरतं, पण पाणीही भराभर उडतं. तेव्हा रेघेवर नजर हवी. पाणी २४ ते २७ अंशांत राहिलं म्हणजे झालं.

मातीबद्दल. शेवाळाला मुळं नसतात. जी मुळांसारखी दिसतात ती फक्त दगड धरून बसायची सोय. अन्न ते साऱ्या अंगाने पाण्यातूनच शोषतं, म्हणून पाणी हलतं हवं. साचलेल्या पाण्यात पानाला चिकटलेला थर तिथेच राहतो आणि त्यातलं अन्न संपलं की पान उपाशी. एक छोटा वेव्हमेकर लावा, तासाला टाकीचं पाणी दहा-पंधरा वेळा फिरलं पाहिजे. दिवा साधा पांढरा एलईडी, ६५०० केल्विनच्या आसपासचा, टायमर लावून रोज आठ-दहा तास.

समुद्री मत्स्यालयाविषयी वाचायला बसलात की ‘नायट्रेट शून्यावर आणा, शेवाळ दिसलं की खरवडून काढा’ असा उपदेश सगळीकडे मिळेल. तो प्रवाळ पाळणाऱ्यांसाठी आहे. आपली गोष्ट उलटी. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून जे नायट्रेट-फॉस्फेट तयार होतं, तेच आपलं शेणखत. लिटरमागे ५ ते १० मिलिग्रॅम नायट्रेट असू द्या. अगदी शून्य झालं तर शेवाळ फिकं पडून काचेसारखं दिसायला लागतं, मग माशांना दोन चिमटी जास्त खाऊ घाला. आणि शेवाळ वाढलं की काढत राहा. काढलेल्या प्रत्येक मुठीबरोबर पाण्यातली तेवढी घाण बाहेर जाते. याहून स्वस्त फिल्टर माझ्या पाहण्यात नाही.

ही काही आजची टूम नव्हे. लंडनमध्ये १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यांनी ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक लिहिलं, तेव्हा विजेचा पंप कुठला? काचेच्या भांड्यात समुद्राचं पाणी, त्यात शेवाळ आणि त्याच्या प्राणवायूवर जगणारे जीव, असाच तो कारभार होता. प्रवाळांच्या झगमगत्या टाक्या फार नंतरच्या. आणि आपल्याकडे तर तो मोह नकोच. प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, दुकानदार काहीही सांगो. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे, तिथून शेवाळही उपटून आणायचं नाही.

सुरुवात चीटोमॉर्फापासून करा. हिरव्या गळदोरीचा गुंता दिसतो तसं दिसतं, कुठे चिकटत नाही, नव्या टाकीत साठणारा अमोनियाही पिऊन टाकतं, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात सोडता येतं. मासे मात्र महिना-दीड महिन्यानंतरच. मग ग्रॅसिलेरिया, ही तांबडी मंडळी. आपण खिरीत घालतो ते चायना ग्रास याच गोतावळ्यातून येतं. तिची फांदी दोऱ्याने दगडाला बांधली की पुरे. हॅलिमेडा म्हणजे बोटभर उंचीचा फड्या निवडुंग. त्याच्या अंगात चुना असतो, म्हणून पाण्यातल्या कॅल्शियमकडे लक्ष ठेवावं लागतं. सरगॅसमच्या नादी लागू नका, घरच्या टाकीत ते मावत नाही. मासे म्हणाल तर टाकीतच जन्मलेली क्लाउनफिशची जोडी छान. सर्जनफिश आणलात तर आठवड्यात बागेचं कुरण होईल.

प्रश्न : माझ्या टाकीतलं कौलर्पा एका रात्रीत पांढरं पडलं आणि पाणी ताकासारखं झालं. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करताहेत. कुठला रोग आहे?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : रोग नाही, वंशविस्तार आहे. पण मासे वाचवायचे तर आधी हवेचा पंप जोरात सोडा, तिसरा हिस्सा पाणी बदला आणि पांढरी सालं सगळी काढा. बाकीचं नंतर वाचा.

कौलर्पा हे हिरवं शेवाळ हातभर पसरलेलं असलं तरी ती एकच पेशी असते. आत पडदे नाहीत, केंद्रकं हजारो. पुनरुत्पादनाची वेळ आली की आतला सारा ऐवज बीजपेशी होऊन पाण्यात सुटतो आणि मागे रिकामी पिशवी राहते. पनामाच्या प्रवाळखडकांवर हिरवी शेवाळं सूर्योदयाच्या सुमारास एकदमच अशी फुटतात, ही निरीक्षणं १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. तुमच्याकडेही पहाटेच झालं असणार.

उरलेलं कौलर्पा आठवड्याला विरळ करत जा, दाटी होऊ देऊ नका. कात्रीने मधेच कापू नका, कारण पेशी एकच असल्यामुळे तोडलेल्या टोकातून रस गळतो. हरळी उपटतो तसा अख्खा धावता देठ अलगद ओढून काढा.

काढलेलं कुठे टाकता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखाली समुद्रात कौलर्पा टॅक्सिफोलियाचा एक चौरस मीटरचा तुकडा दिसला होता. मत्स्यालयात वाढवलेलाच वाण तो. पाच वर्षांत त्याने हेक्टरभर तळ व्यापला आणि पुढे भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याने तो पसरत गेला. २००० साली तोच वाण कॅलिफोर्नियाच्या एका खाजणात सापडला, तेव्हा ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडावं लागलं. तो संपला असं जाहीर व्हायला २००६ उजाडलं. तेव्हा काढलेलं शेवाळ दिवसभर गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवा, मग गच्चीवर कुरकुरीत होईतो वाळवा आणि नंतरच कचऱ्यात टाका. टाकीचं बदललेलं पाणीही गटारात नको. रत्नागिरीचं गटार शेवटी खाडीलाच मिळतं.