घोळणा फुटल्यास डॉक्टरांकडे केव्हा जावे?

मे-जून महिन्यांत लखनौमध्ये ‘लू’ वाहू लागते. पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, हवा कोरडी होते आणि नाकातील नाजूक अस्तर तडकते. हिवाळ्यात बंद खोलीत हीटर लावल्यानेही तेच घडते. महाराष्ट्रातून बदलीवर तेथे गेलेल्या कुटुंबांना, विशेषतः लहान मुलांना, घोळणा फुटण्याचा अनुभव येऊ शकतो.

दोन नाकपुड्यांमधील पडद्याच्या पुढच्या भागात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे असते. बहुतेक वेळा रक्त तेथूनच येते आणि घरीच थांबते. त्यासाठी रुग्णास बसवून मान किंचित पुढे झुकवावी, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरावा व तोंडाने श्वास घेण्यास सांगावे. दहा ते पंधरा मिनिटे चिमूट सोडू नये. मध्येच सोडून पाहिल्यास जमू लागलेली गुठळी निसटते. डोके मागे टाकल्यास रक्त घशात उतरून उलटी होते. कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नये.

पुढील परिस्थितीत मात्र विनाविलंब रुग्णालय गाठावे :

१. पंधरा मिनिटे सलग दाबूनही रक्त न थांबणे.
२. रक्तस्राव मोठा असणे किंवा रक्त सतत घशात उतरणे.
३. चक्कर, फिकटपणा अथवा श्वास घेण्यास त्रास.
४. डोक्यास वा चेहऱ्यास मार लागल्यानंतर रक्त येणे.
५. रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेत असणे. ही औषधे स्वतःहून बंद करू नयेत.
६. मूल दोन वर्षांहून लहान असणे.

घोळणा वारंवार फुटत असेल, एकाच नाकपुडीतून रक्त येऊन ती चोंदत असेल किंवा अंगावर निळसर डाग उठत असतील, तर थांबलेल्या रक्तावर समाधान न मानता तपासणी करून घ्यावी. रक्तदाबही मोजून घ्यावा.

पावसाळ्यानंतर लखनौत डेंग्यूचे रुग्ण वाढतात. तापात किंवा ताप उतरताना नाकातून रक्त येणे हे डेंग्यूतील धोक्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उत्तर प्रदेशात २०१२ पासून व महाराष्ट्रात २०१४ पासून उपलब्ध आहे. रक्त दिसताच प्रथम घड्याळ पाहावे. किती वेळ गेला याचा नेमका हिशेब असला, की घाबरून धावपळही होत नाही आणि जीवघेणा उशीरही टळतो.