मनाचा भार आणि माणसाचा आधार



घरातील माणूस जाणे, नोकरी सुटणे, देश बदलणे, अशा प्रसंगी मनावर ताण येतोच. बहुतेक माणसे सावरतात. काही मात्र खचून उदासीनतेच्या आजारात सापडतात. असे का होते?

लंडनच्या कॅम्बरवेल भागातील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन जॉर्ज ब्राऊन व टिरिल हॅरिस यांनी याचा अभ्यास केला व १९७८ साली तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. संकट कोसळलेल्या स्त्रियांपैकी ज्यांना नवऱ्यापाशी किंवा तितक्याच जिवलग माणसापाशी मन मोकळे करता येत होते, त्यांच्यात हा आजार बराच कमी दिसला. म्हणजे ओळखी किती आहेत, यापेक्षा विश्वासाचे एक माणूस आहे की नाही, हे महत्त्वाचे.

असा आधार बाहेरून देता येतो काय? लंडनमध्येच, दीर्घकाळ उदासीन असलेल्या स्त्रियांकडे स्वयंसेविका वर्षभर नियमाने जाऊन बसत, ऐकून घेत. १९९९ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत अशा स्त्रियांपैकी शेकडा ६५ जणी बऱ्या झाल्या होत्या. ज्यांची पाळी अजून यावयाची होती, त्यांच्यापैकी शेकडा ३९.

मनातील चिंता दुसऱ्यास सांगावी, असे एक मत तालमूदमध्येही नोंदलेले आहे. शिवाच्या सात दिवसांत आपण दुःखी घरी जातो ते याचसाठी. परंतु आठव्या दिवशी घर रिकामे होते. शिवाय उदासीन माणूस स्वतःच माणसे टाळू लागतो. फोन घेत नाही, समारंभास येत नाही. आपण त्यास गर्व समजतो व जाणे सोडतो. अशा रीतीने गरज वाढते तेव्हाच आधार तुटतो.

तेव्हा एवढे करावे. महिन्यातून एकदा तासन्तास बसण्यापेक्षा आठवड्याचा एक दिवस ठरवून थोडा वेळ जावे. “विसरून जा”, “इतरांचे हाल पाहा” असे म्हणू नये, ऐकावे. बाजारहाट, हिब्रू कागदपत्रे अशा कामांत हातभार लावावा.

मात्र शेजारधर्म हा औषधोपचाराला पर्याय नव्हे. झोप, भूक व कामातील गोडी दोन आठवडे हरपली असेल, तर कुपात खोलीमच्या डॉक्टरांकडे स्वतः सोबत घेऊन जावे. कोणी जगणे नकोसे झाल्याचे बोलू लागल्यास त्याला एकटे सोडू नये. इस्राएलमध्ये ‘एरान’ संस्थेच्या १२०१ या क्रमांकावर रात्रंदिवस बोलता येते.

गेल्या वर्षी आपण कोणाच्या शिवाला गेला होता? त्या घरी या आठवड्यात एकदा जाऊन या.