आमवाताची जैविक औषधे आणि आपले डोळे

कार्ला-भाज्याच्या पायऱ्या चढताना गुडघे दुखले की "वात आला" म्हणून आपण मोकळे होतो. परंतु उतारवयातील गुडघ्यांची झीज निराळी व आमवात निराळा. आमवातात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते. सकाळी बोटे आखडतात. भातलावणीच्या दिवसांत मावळातील भगिनींना रोपांची मूठही धरवत नाही.

नेहमीच्या गोळ्यांनी भागले नाही तर जैविक औषधांची इंजेक्शने देतात. आमवातासाठी अमेरिकेत इटानरसेप्ट १९९८ साली व अडालिमुमॅब २००२ साली मान्य झाले. सूज वाढविणाऱ्या 'टीएनएफ' या द्रव्याला ती अडवितात. पुष्कळ रुग्णांना त्यांनी पुन्हा कामाला लावले आहे, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो.

क्वचित मात्र त्यांचा त्रास डोळ्यांना होतो. इटानरसेप्ट घेणाऱ्या काहींच्या डोळ्यांत आतून सूज आल्याची नोंद आहे. तिला युव्हिआयटिस म्हणतात. गंमत अशी की, याच विकारावर २०१६ साली अमेरिकेत अडालिमुमॅबला मान्यता मिळाली! त्याहून विरळा त्रास म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेची सूज. डोळा फिरविताना दुखतो, रंग फिके दिसतात, नजर मंदावते. शिवाय अंगात दबलेला क्षय या औषधांनी उसळू शकतो, क्वचित डोळ्यातही. म्हणून प्रथम छातीचा एक्स-रे व क्षयाची तपासणी करतात. ती टाळू नये.

आपल्याकडे खरी अडचण पावसाळ्यात होते. लोणावळ्यात पाऊस लागला की डोळ्यांची साथ येते, आणि लाल डोळा दिसताच मेडिकलमधून थेंब आणले जातात. साथीत चिकटा येतो, खाज सुटते, पण नजर सहसा शाबूत राहते. आतल्या सुजेत चिकटा जवळजवळ नसतो. डोळा ठणकतो, उजेड सहन होत नाही, धूसर दिसते. असे झाल्यास स्वतःच्या मनाने स्टिरॉइडचे थेंब मुळीच घालू नयेत.

सर्व दोष इंजेक्शनांचा नाही. आमवातानेही डोळे कोरडे पडतात, स्टिरॉइडने मोतीबिंदू व काचबिंदू होतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन पाच वर्षे घेतल्यावर दरवर्षी पडदा तपासावा लागतो.

लक्षणे दिसताच लोकल धरून तळेगाव किंवा पुण्याच्या नेत्रतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जावे. औषधांची फाइल बरोबर न्यावी, इंजेक्शनाचे नाव आपणहून सांगावे. पुढील इंजेक्शन घ्यावे की थांबावे, हे मात्र ते सुरू करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे.