नवसाक्षर प्रौढ आणि शुद्धलेखन

जनगणनेच्या व्याख्येनुसार सात वर्षे व त्याहून अधिक वयाची जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून वाचू आणि लिहू शकते, ती साक्षर होय. १९५१ मध्ये १८.३३ टक्के असलेले साक्षरतेचे प्रमाण २०११ मध्ये सुमारे ७३ टक्क्यांवर पोहोचले. या व्याख्येत शुद्धलेखनाचा उल्लेख नाही आणि तो नसणे योग्यच आहे. तथापि, अक्षरओळख झालेल्या प्रौढाला लेखणी हाती घेण्यास जी भीती वाटते, तिचे कारण बहुधा शुद्धलेखन हेच असते. चूक होईल म्हणून तो लिहीत नाही, न लिहिल्यामुळे आलेले विसरतो आणि पुन्हा अंगठ्याकडे वळतो.

प्रौढ शिक्षणाच्या राष्ट्रीय प्रयत्नांचे टप्पे सर्वपरिचित आहेत. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आणि ५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले. त्यानंतरचा ‘साक्षर भारत’ कार्यक्रम २००९ ते २०१८ या काळात राबविण्यात आला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून २०२२ ते २०२७ या कालावधीसाठी ‘उल्लास’ या नावाने ओळखला जाणारा नवभारत साक्षरता कार्यक्रम हाती घेण्यात आला. त्याची भिस्त स्वयंसेवकांवर आहे. त्यातील मूल्यमापन चाचणी १५० गुणांची असून वाचन, लेखन व संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण आहेत. शिकवणारा प्रशिक्षित भाषाशिक्षक नसल्याने चुकांची कारणे त्याला ठाऊक असणे अधिकच आवश्यक ठरते.

चुका कोठून येतात?

भारतीय लिप्या उच्चारानुसारी आहेत, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. लिपी जे भेद दाखविते, त्यांतील काही बोलण्यातून लोपले आहेत. बंगालीत श, ष, स या तीन अक्षरांचा उच्चार बहुतेक ठिकाणी एकच होतो. ऱ्हस्व-दीर्घ ‘इ’ मधील फरकही उच्चारात उरलेला नाही. मराठीचीही स्थिती याहून फारशी वेगळी नाही. तमिळमध्ये ‘क’ आणि ‘ग’ या ध्वनींना एकच अक्षर असल्याने तेथे लिहिणाऱ्यापुढे निवडीचा प्रश्नच नसतो; परंतु ‘र’ची दोन आणि ‘ल’च्या घरातील तीन अक्षरे घोटाळ्यात टाकतात. म्हणजे जेथे कान मदत करीत नाही, तेथे चूक होते. ती निष्काळजीपणाची खूण नव्हे.

दुसरे कारण अक्षरांच्या मांडणीत आहे. ‘किती’ लिहिताना पहिली वेलांटी ‘क’च्या आधी काढावी लागते, उच्चारात मात्र ती नंतर येते. ‘अर्ज’ या शब्दात ‘र’ ‘ज’पूर्वी उच्चारला जातो; लिहिताना तो रफाराच्या रूपाने ‘ज’च्या डोक्यावर बसतो. शिकणाऱ्याने ‘अरज’ असे लिहिले, तर त्याने क्रमाचा विचार केला आहे, केवळ चिन्ह चुकले आहे. लिपी सुलभ करण्याचे प्रयत्नही झाले. केरळमध्ये १९७१ मध्ये मल्याळम लिपीत आणि तमिळनाडूत १९७८ मध्ये तमिळ लिपीत सुधारणा करण्यात आल्या.

बोलीचा प्रश्न नाजूक आहे. वऱ्हाडी बोलणारी स्त्री ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहिते, कारण ती तसेच बोलते. तिला ‘तुमचे चुकले’ असे सांगणे म्हणजे तिच्या घरच्या भाषेलाच चूक ठरविणे होय. ‘बोलताना पानी, लिहिताना पाणी’ एवढे सांगणे पुरेसे असते.

नियम शब्दांतून

मराठी साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. हे अठरा नियम प्रौढाला पाठ करावयास लावणे व्यर्थ आहे. मात्र शेतकऱ्याच्या रोजच्या शब्दांतून त्यांतील सर्वांत उपयुक्त भाग त्याला स्वतःच शोधता येतो. पीक, वीज, जमीन, मूल, वकील हे शब्द एका ओळीत लिहावेत. त्यांच्याखाली पिकाला, विजेचे, जमिनीचा, मुलाने, वकिलाकडे ही रूपे लिहावीत. शेवटचे अक्षर अकारान्त असताना त्याआधीची वेलांटी वा उकार दीर्घ आहे आणि प्रत्यय लागताच तो ऱ्हस्व होतो, हे दोन्ही ओळी पाहताच ध्यानात येते. पाणी, चाकू, मी, तू हे शब्द घेतले की शब्दाच्या शेवटी इकार-उकार दीर्घ येतो, हेही कळते. परीक्षा, गुण यांसारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द वेगळे वागतात. ते नंतर घ्यावेत.

अभ्यासाची साधी रीत अशी : शब्द नीट पाहावा, झाकावा, आठवून लिहावा आणि उघडून पडताळावा. प्रत्येकाची स्वतःची शब्दवही असावी आणि तिच्यात त्याच्या गरजेचे शब्द असावेत. एखाद्याने चार ओळी लिहिल्या, तर आधी त्यांतील मजकुरावर बोलावे आणि मग दोन किंवा तीनच शब्द दुरुस्त करावेत. लाल शाईने भरलेला कागद पाहून लहान मूल दुसऱ्या दिवशीही शाळेत येते. प्रौढ येईलच असे नाही.

पहिला शब्द : स्वतःचे नाव

एका बाबतीत मात्र तडजोड चालत नाही. थेट लाभ हस्तांतरणाच्या काळात शिधापत्रिका, आधार, बँक खाते आणि सातबारा यांवरील नावांचा मेळ बसणे महत्त्वाचे झाले आहे. रोजगार हमीची मजुरी देण्यासाठी १ जानेवारी २०२४ पासून आधारवर आधारित पद्धत अनिवार्य झाली, तेव्हा जॉब कार्डावरील नाव आधारशी जुळणे गरजेचे ठरले. ‘सुनीता’ आणि ‘सुनिता’ यांत कानाला भेद जाणवत नाही, कागदावर मात्र ती दोन नावे होतात. येथे व्याकरणाने शुद्ध रूप कोणते, हा प्रश्न गौण आहे. ओळखपत्रावर ‘सुनिता’ असेल, तर तिने तसेच लिहिण्याचा सराव करावा किंवा सर्वच कागदपत्रे एकदाच दुरुस्त करून घ्यावीत. त्यासाठीचा अर्ज तिला स्वतः लिहिता यावा, म्हणून ‘अर्ज’ हा शब्द रफारासह शब्दवहीच्या पहिल्याच पानावर असावा.