वाचणें आणि समजणें

बायबलांतील ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या पुस्तकांत एक प्रसंग आहे. एक हबशी अधिकारी रथांत बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचीत चालला होता. तेव्हां, जें वाचतां तें समजतें काय, असें फिलिप्पानें त्यास विचारिलें. वाचनाच्या प्रत्येक तासास हाच प्रश्न विचारावयास हवा. कारण न अडखळतां वाचणारा मुलगा अर्थ जाणतोच असें नाहीं. पुढें औषधाच्या बाटलीवरील सूचना किंवा जमिनीचा कागद वाचण्याचा प्रसंग येतो, तेव्हां नुसत्या अक्षरांवर निभाव लागत नाहीं.

आपल्या परिसराविषयींचा एक लहानसा उतारा घेऊं :

“तारापूरचें अणुविद्युत्केंद्र हें भारतांतील पहिलें होय. तेथें १९६९ सालीं वीज निर्माण होऊं लागली. अणुभट्टींतील उष्णतेनें पाण्याची वाफ होते. वाफेच्या जोरानें चक्र फिरतें आणि वीज उत्पन्न होते. नंतर नळ्यांतून वाहणाऱ्या समुद्राच्या पाण्यानें ती वाफ थंड करून तिचें पुन्हां पाणी करितात.”

‘वीज कोणत्या सालीं निर्माण होऊं लागली?’ याचें उत्तर अर्थ न कळतांहि देतां येतें. आंकडा शोधिला कीं झालें. ‘वाफ होते तें पाणी व समुद्राचें पाणी एकच काय?’ येथें पुष्कळ विद्यार्थी ‘होय’ म्हणतील. त्यांस ‘नळ्यांतून’ हा शब्द पुन्हां वाचावयास लावावा. दोन्ही निरनिराळीं आहेत हें त्यांचें त्यांनाच उमगेल. ‘हें केंद्र समुद्रकिनारीं कां उभारिलें असावें?’ याचें उत्तर उताऱ्यांत लिहिलेलें नाहीं. वाचलेल्यावरून तर्क करावा लागतो. शिक्षकांनीं उत्तर सांगण्याची घाई न करितां ‘हें कोणत्या शब्दावरून म्हणतोस?’ एवढेंच विचारावें.

शब्द अनोळखी असल्यास ओळखीच्या वस्तूपासून आरंभ करावा. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें आरंभिलेलें बालशिक्षणाचें कार्य १९५७ सालीं कोसबाडच्या टेकडीवर गेलें. वारली बालकांना शिकवितांना त्यांनीं पानें, बिया, शिंपले अशीं परिचयाचीं साधनें योजिलीं. त्याच रीतीनें, भाताच्या पातेल्याच्या झांकणावर जमणारे थेंब दाखविले, तर वाफेचें पाणी कसें होतें हें लहान मूलहि जाणतें.

पालकांस विनंति इतकीच कीं, रात्रीं मुलांकडून धडा केवळ मोठ्यानें वाचून घेऊं नये. पुस्तक मिटवून ‘काय वाचलेंस तें सांग’ असें म्हणावें. मग तें वारली, मांगेली वा वाडवळी, कोणत्याहि घरच्या बोलींत सांगो. हें काम अक्षरओळख नसलेल्या मातेसहि करितां येतें. मुलाचें सांगणें तिला समजलें, तर वाचलेलें मुलाला समजलें असें खुशाल मानावें.