क्लाउड क्रेडिटचा अर्ज का अडतो?

प्रश्न : आम्ही दोघे मित्र गुलाबाच्या पॉलिहाऊसमधलं तापमान आणि आर्द्रता शेतकऱ्याच्या मोबाइलवर दाखवणारी यंत्रणा बनवतो. स्टार्टअपना मिळणाऱ्या मोफत क्लाउड क्रेडिटसाठी एका कंपनीकडे अर्ज केला. ‘अपात्र’ एवढंच उत्तर आलं. गुमास्ता आहे, उद्यम नोंदणी आहे. मावळातला पत्ता आड आला असेल का?
— एक वाचक, तळेगाव दाभाडे

उत्तर : पत्त्याकडे बोट दाखवू नका. गुमास्ता आणि उद्यम यांवरून तुमचा धंदा आहे एवढंच कळतं. तो स्टार्टअप आहे हे त्यातून ठरत नाही. शिवाय अर्ज तपासणारा तुमच्या पॉलिहाऊसवर येणार नसतो. त्याच्यासमोर असतात वेबसाइट, ईमेल आणि क्लाउडचं खातं. या तिन्हींवर एकच कंपनी दिसली पाहिजे. नोंदणी ‘प्रायव्हेट लिमिटेड’ची, वेबसाइटवर नुसतं ब्रँडचं नाव आणि अर्ज जीमेलवरून, असं असेल तर गाडी तिथेच अडते.

आधी हे दुरुस्त करा. वेबसाइट चालू हवी. ‘लवकरच येत आहे’ची पाटी नको. काय बनवता, कोणासाठी, कंपनीचं पूर्ण नाव काय, हे पहिल्याच पानावर लिहा. त्याच डोमेनचा ईमेल अर्जात द्या आणि क्लाउडच्या खात्यावरही कंपनीचंच नाव टाका.

मग पॅकेज तपासा. अ‍ॅमेझॉनच्या ‘अ‍ॅक्टिव्हेट’ योजनेचं उदाहरण घ्या. स्वतःच्या पैशांवर चालणाऱ्यांना १,००० डॉलरचं पॅकेज आहे. १ लाख डॉलरपर्यंतच्या पॅकेजला मात्र योजनेशी जोडलेल्या इन्क्युबेटरचा किंवा गुंतवणूकदाराचा कोड लागतो. कोड नसताना मोठ्या पॅकेजला अर्ज केला तर नकार ठरलेला. कंपनी दहा वर्षांपेक्षा जुनी नसावी आणि तेवढंच क्रेडिट आधी घेतलेलं नसावं, याही अटी आहेत. पुण्यात पाषाणला एनसीएलजवळ व्हेंचर सेंटर आहे. असा कोड मिळू शकतो का, हे तिथे किंवा दुसऱ्या एखाद्या इन्क्युबेटरमध्ये विचारून पाहा.

‘स्टार्टअप इंडिया’ची, म्हणजे डीपीआयआयटीची मान्यता ही वेगळी गोष्ट. ती प्रोप्रायटरशिपला मिळत नाही. प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी असेल तर अर्ज करता येतो, शुल्क नाही. क्लाउड कंपन्या ती मागतीलच असं नाही, पण इन्क्युबेटरच्या दारात ती उपयोगी पडते.

सगळं जुळलं तरी नकार आला, तर नवं खातं उघडून पुन्हा अर्ज करू नका. एकाच कंपनीचे दोन अर्ज दिसले की संशय वाढतो. सपोर्टला लिहा, नोंदणी प्रमाणपत्र जोडा आणि नेमकी कोणती अट अडली ते विचारा.

शेवटी एक सूचना. क्रेडिटला मुदत असते. व्हॅलेंटाइनच्या हंगामासाठी जानेवारीत यंत्रणेवर भार वाढणार असेल, तर पावसाळ्यातच क्रेडिट घेऊन ठेवू नका. आणि खात्यात खर्चाची मर्यादा ओलांडली की इशारा येईल, अशी सोय पहिल्याच दिवशी करा. क्रेडिट संपल्यावर बिल तुमच्याच कार्डावर येतं.